कुंपणापलीकडे जाणारी बाटली

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातला धाकटा म्हणाला की त्याने हैफाच्या घरी बिअर करायला घेतली आहे आणि बादली न्हाणीघरात ठेवली आहे. "आजी, आपल्याकडे हे आधी कुणी केलं होतं का?" असं त्याने विचारलं. मी नुसतं "हो" म्हटलं. उरलेलं उत्तर आता लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवेल. हे तुमच्या आजोबांबद्दल आहे आणि त्यांच्याशी मी इंग्रजीत कधी बोलले नाही.

साठच्या दशकात आम्ही मुंबईहून मँचेस्टरला आलो. आजोबा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करत. काही वर्षांनी तुमची आई लग्न होऊन इस्राएलमध्ये हैफाला गेली, आणि त्याच हिवाळ्यात त्यांनी केमिस्टकडून माल्टचा डबा आणला. आत काकवीसारखा दाट, काळपट पाक होता. तो हॉप्सची कडू फुलं घालून उकळला की घरभर कडू काढ्याचा वास सुटे. गार झाल्यावर पांढऱ्या बादलीत ओतून त्यात यीस्ट घालायचं आणि झाकण सैल ठेवून बादली वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवायची. गरम पाण्याची टाकी त्याच कपाटात असल्यामुळे तिथे ऊब असे. माझे टॉवेल आणि चादरीही तिथेच.

मी बिअर पीत नव्हते. पण संध्याकाळी कपाट उघडून, वाकून, फेसाचा बारीक सूं-सूं आवाज ऐकायचा ही आम्हा दोघांची सवय झाली. मुलगी गेल्यावर त्या घरात ऐकण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतं.

मग आपल्या ज्यूंचा पेसाहचा सण आला. त्या आठ दिवसांत धान्य आंबवून केलेलं काहीही आपल्या मालकीचं असता कामा नये, हे तुम्हाला ठाऊक आहे. बिअर तर जवाची. मी म्हटलं, "अहो, ओतून टाका."

"अगं, जिवंत आहे ते अजून. जिवंत वस्तू कशी ओतायची?"

कोकणात माझी आजी या सणाला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणे. अनाशी म्हणजे आंबट कालवण. त्याचं मडकं आठ दिवस झाकून ठेवायचं, अशी आमच्या जुन्या लोकांची रीत. मी तोच तोडगा काढला. झाकण घट्ट दाबलं, वरून फडकं घातलं आणि सुतळीने आवळून बांधलं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघंच टेबलाशी बसून हगादाची पोथी वाचत होतो. मिसर देशातून आपल्या पूर्वजांच्या सुटकेची गोष्ट सुरू झाली आणि वर धडाम आवाज झाला. जाऊन पाहिलं तर झाकण पार जिन्यापाशी पडलं होतं आणि फेस चादरींवरून ओघळत होता.

"निघाले वाटतं आपले लोक मिसरमधून," आजोबा म्हणाले.

"आणि माझ्या चादरी?"

"त्या फारोच्या सैन्याबरोबर समुद्रात बुडाल्या."

पुढच्या वर्षापासून त्यांनी रीतसर मार्ग धरला. शेजारी एक विधुर गृहस्थ राहत, निवृत्त बसचालक, आपल्या धर्माचे नसलेले. सणाआधी आजोबा भरलेल्या बाटल्या कुंपणावरून त्यांना देऊन टाकत.

"म्हणजे सगळ्या माझ्या?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

"पूर्णपणे तुमच्या. मनापासून दिल्या नाहीत, तर त्या दिल्यासारख्या होत नाहीत."

"आणि मी प्यायलो तर?"

"तर आम्ही तोंड उघडू शकत नाही."

"अजब धर्म आहे बाबा तुमचा. मला मात्र सोयीचा आहे."

पण सण संपला की सगळ्या बाटल्या पुसूनपासून परत येत. एरवी आजोबांनी दिलेला ग्लास ते आवडीने पीत, पण सणाच्या बाटल्यांचं एकदाही त्यांनी एक बूचसुद्धा उघडलं नाही.

असं काही वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात आजोबा कामावर असतानाच हृदयविकाराने गेले. तुमची आई येऊन परत गेली. सुतकाचे सात दिवस सिनेगॉगमधली माणसं येत राहिली, फार मायेने वागली, आणि मग आपापल्या घरी गेली. मी टॉवेल काढायला कपाट उघडलं तर बादलीतून आवाज येत होता. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी घातलेलं यीस्ट अजून काम करत होतं. मी तिथेच जमिनीवर बसले. आवाज थांबेपर्यंत रोज बसत होते. मग ते भरत तशाच, प्रत्येकीत थोडी साखर घालून, मी बाटल्या भरल्या आणि बुचं घट्ट लावली.

वसंतात सण आला. बाटल्या घेऊन मी शेजारच्या दाराशी गेले.

"या तुमच्या," मी म्हटलं.

"पूर्णपणे?"

"पूर्णपणे."

सण संपला. मी पडदा सारून कुंपणाकडे पाहत होते. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्या आठवड्यातही नाही. मागायची सोय नव्हती. मागितलं असतं, तर मी त्या मनापासून दिल्याच नव्हत्या असं झालं असतं. मी पडदा लावून घेतला आणि तो लावलेलाच राहू दिला. घरात मराठी शब्द मोठ्याने उच्चारायचं काही कारण उरलं नव्हतं.

उन्हाळ्यात एका सकाळी दूध घ्यायला दार उघडलं. पायरीवर रिकाम्या तपकिरी बाटल्या, दुधाच्या बाटल्यांसारख्या धुऊन ओळीने ठेवलेल्या होत्या. शेजारचे गृहस्थ हातात एक भरलेली बाटली घेऊन उभे होते.

"यंदा तुम्ही खरोखरच दिल्या असं वाटलं मला. तुम्ही तर पीत नाही."

"खरोखरच दिल्या होत्या."

"दर रविवारी एक उघडायचो. तुमच्या खिडकीकडे ग्लास उचलायचो. पडदा बंद असायचा."

"कशी झाली होती?"

"त्याने केलेल्यांत सगळ्यात चांगली. ही शेवटची. ही काही मला उघडवेना."

मी बाटली घेतली. "चहा घेता?" असं विचारलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच आमच्या स्वयंपाकघरात बसले.

पुढच्या सणाला ती एकच बाटली मी कुंपणावरून त्यांना दिली आणि सण संपल्यावर ती परत आली. ते वारल्यावर त्यांच्या घरात आणखी कोणी कोणी राहून गेलं. आता एक तरुण जोडपं आहे. त्यांनाही मी दर वर्षी "ही तुमची" एवढंच सांगते. आतल्या बिअरचं एव्हाना आंबट पाणी झालं असेल.

बादली फुटली, कपाट काढून टाकलं. बाटली आहे, आणि ती भरलेली आहे.