न हलवलेले तेरा अणू

चेक देशातल्या ओस्त्रावाच्या विद्यापीठात द्राहोमीरा येझ्कोव्हा अकरा वर्षं एकच काम करत होती. क्रिप्टॉन वायूच्या अणूंचे पुंजके संगणकात रचायचे, त्यातला एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा आणि विद्युतभार आलेला तो पुंजका टिकतो की फुटतो ते बघायचं. कुणी विचारलं, "याचा उपयोग काय?" तर म्हणायची, "तुमच्या साहेबाचा तरी काय आहे?"

तिच्या नावावर गाजलेला निष्कर्ष एकच. तेरा अणूंचा भारित पुंजका, मधोमध एक नि भोवती बारा, भलताच टिकाऊ असतो. ते छापून आलं आणि इन्सब्रुकच्या प्रयोगशाळेत फेरेना नावाची मुलगी डॉक्टरेटसाठी तोच पुंजका शोधू लागली. तिला तो सापडेना. दर महिन्याला पत्र यायचं: "दोष आमच्या यंत्रातच असणार. पुन्हा खोलतेय."

मार्चमधल्या एका सकाळी ऑफिसातल्या सपाता पायांत सरकवून द्राहोमीराने जुनी फाईल उघडली, आणि सुरुवातीचे आकडे दोनदा तपासले. या धंद्यात नवशिक्यालाही पहिल्या दिवशी बजावतात, गणित सुरू करण्याआधी अणू जागेवरून जरासे हलव. रचना अगदी सारखी असली की सगळीकडून सारखीच ओढ बसते, कुणीच हलत नाही, आणि संगणकाला वाटतं, झालं, पुंजका स्थिरावला. टोकावर उभी केलेली पेन्सिलही क्षणभर उभीच असते. तिने अणू हलवलेच नव्हते.

आता हलवले. दहा मिनिटांत सगळा भार तीन अणूंवर गोळा झाला, रचना कलंडली आणि तेराचा टिकाऊपणा कुठल्या कुठे गेला. "दुसऱ्यांच्या पोरांना हेच शिकवत आलीस ना गं, बये!" ती स्वतःवरच खेकसली.

तिने चूक सांगितली तेव्हा विभागप्रमुख ओल्द्रिख कुबेश कॅन्टीनमध्ये क्नेडलीकी, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, रश्श्यात बुडवत होते. "मे महिन्यात तुझी नेमणूक वाढवायची की नाही ते ठरतंय. गप्प बस. कोण परत मोजायला बसलंय?"

"फेरेना बसलीय, सर. तिसऱ्यांदा यंत्र खोलून."

"तरुण आहे, खोलू दे की."

"माझ्यामुळे खोलतेय ती!"

"मग घाल स्वतःच्या पायावर धोंडा. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तुला कोण दारात उभं करतंय ते बघू."

ती घाबरली. खोटं कशाला सांगा, भयंकर घाबरली. रोज पत्र लिहायला घ्यायची नि पुसून टाकायची. लाज वाटावी असे नऊ दिवस तिने काढले. दहाव्या दिवशी, बुधवारी, नोकरीवर पाणी सोडून तिने चार ओळी इन्सब्रुकला पाठवल्या: "तुझं यंत्र ठीक आहे. चूक माझी आहे. सगळीकडे तसं जाहीर करते आहे."

तासाभरात उत्तर आलं, फेरेनाच्या प्राध्यापकांचं. फेरेनाने गेल्या शुक्रवारी काम कायमचं सोडलं होतं. जाताना म्हणाली होती, यंत्रात काही दोष नाही, माझ्याच हाताला गुण नाही.