भावोजी आणि एकशे ऐंशी ठोके

आरोंद्यापासून रेडीपर्यंतच्या साऱ्या किनाऱ्यावर शांततेचा इतका हाडवैरी माणूस दुसरा झाला नसेल, असं मी आमच्या भावोजींबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. मुंबईची माणसं आमच्या गावात येतात, खाडीकाठी उभी राहतात आणि "काय शांत आहे हो तुमच्याकडे" म्हणून सुस्कारे सोडतात. मुद्दाम डास चावून घ्यायला आलेल्या माणसाकडे बघावं, तसे भावोजी त्यांच्याकडे बघतात. त्यांच्या घरी तीन खोल्यांत तीन रेडिओ आहेत आणि तिन्हींवर वेगवेगळी स्टेशनं लागलेली असतात. सकाळचा चहा ते स्वयंपाकघरात रिकामा मिक्सर फिरवत पितात. वर्तमानपत्र वाचायला त्यांना भातगिरणीत जाऊन बसावं लागतं. गिरणवाल्याने त्यांच्यासाठी एक खुर्चीच ठेवली आहे, आणि अकरा वाजता ते कोंड्याने पांढरे होऊन घरी परततात. लग्न कुणाचंही असो, आमंत्रण असो-नसो, बँडच्या मोठ्या ढोलाशेजारी भावोजी हजर. एकदा नवऱ्यामुलाच्या मामाने त्यांना अडवून विचारलं, तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे? "मी ढोलाकडचो," भावोजी म्हणाले, आणि ढोल थांबल्यावर जेवायला न थांबता निघून आले.

ह्या सगळ्याचं मूळ जहाजात आहे. भावोजींनी तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. इंजिनाच्या वरच्याच मजल्यावर झोपायचं आणि त्याच्याच शेजारी जागायचं. ते सांगतात की चालू इंजिनाच्या आवाजात माणूस तान्ह्या पोरासारखा झोपतो, आणि इंजिन बंद पडलं की अख्खं जहाज एका क्षणात जागं होतं, कारण समुद्राच्या मधोमध इंजिन थांबणं म्हणजे काहीतरी वाईट झालेलं असणं. ह्या नोकरीत त्यांचा उजवा कान पुरता गेला आणि डावा अर्धामुर्धा उरला.

तो अर्धामुर्धा कान पुरेपूर वसूल करायला घरी माझी बहीण होती. आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, आणि ती बोलताना श्वास कधी घेते हा आमच्या घराण्यातला न सुटलेला प्रश्न. माणूस समोर नसेल तर ती मांजराशी बोलायची, मांजर नसेल तर कुकरशी. भावोजी कायमचे घरी आले तेव्हा तीस वर्षांचं साठलेलं सगळं तिने त्यांच्यावर सोडलं, आणि ते खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्चीवर बसून, समोर मशीन नीट चालू आहे अशा समाधानाने ऐकत राहिले. चार वर्षांपूर्वी ती झोपेतच गेली. तीन रेडिओ आले ते तिच्या बाराव्यानंतर.

गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी भावोजी आमच्याकडे आले आणि पडवीच्या खांबाला तळहात लावून उभे राहिले. "मास्तरा, हो ठोको आयकतंस?" त्यांनी विचारलं. मी हायस्कुलात शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. मला काही ऐकू येत नव्हतं. माझी मुलगी पुण्याहून सुट्टीला आली होती, तिचे कान तरुण. ती म्हणाली, "आतोबा, खाडीपलीकडे गोव्यात क्लब आहे. आज सरावाचं चालू असेल. शनिवारी तिथे हार्डकोर रेव्ह आहे, धडधडत्या संगीतावर नाचायची पार्टी. मिनिटाला एकशे ऐंशी ठोके, रात्रभर."

भावोजींनी खांबावरचा हात काढला. "एकशे ऐंशी? आमचा मेन इंजिन शंभराच्या वर कधी गेला नाय." त्यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला. "ह्या बगूक होया. मास्तरा, तू येशीत मा?"

मी मुलीकडे बघितलं. तिने फोनवर दोघांचे पास काढून दिले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही जा. मी मात्र तुमच्याबरोबर तिथे दिसणार नाही."

शनिवारी रात्री दहाला भावोजी माझ्या दारात आले ते पांढराशुभ्र पूर्ण बाह्यांचा शर्ट, कडक इस्त्रीची पँट आणि पॉलिश केलेले बूट घालून. माझ्यासाठी त्यांनी कापसाचे दोन बोळे आणले होते. "तुजे कान अजून बरे आसत," ते म्हणाले. माझ्या स्कूटरवरून आम्ही किरणपाणीचा पूल ओलांडून गोव्यात गेलो. क्लबच्या दारात दोन धिप्पाड पहारेकरी होते. एकाने आमच्याकडे कणवेने बघून विचारलं, "अंकल, बेटे को ढूँढ रहे हो?"

"ना, आवाज सुनने को आया," भावोजी म्हणाले आणि शिक्का मारून घ्यायला मनगट पुढे केलं.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. वरून निळे-तांबडे झोत माणसांच्या डोक्यांवरून फिरत होते, धूर होता, घामाचा आणि सांडलेल्या बिअरचा वास होता, आणि आवाज तर कानात न शिरता थेट बरगड्यांत शिरत होता. कापूस घालूनही माझे दात वाजायला लागले. पोरंपोरी डोळे मिटून, हात वर करून जागच्या जागी उड्या मारत होती. मला वाटलं, भावोजींना चक्कर येईल. पण ते देवळात शिरल्यासारखे संथपणे गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्पीकरजवळ पोचले. त्यांनी त्याच्या लाकडी अंगावर तळहात टेकला, डोळे मिटले, आणि चार वर्षांत मी पाहिला नव्हता असा त्यांचा चेहरा सैल झाला. माझ्या कानाशी तोंड आणून ते ओरडले, "ह्या बरा चालता."

मग ते पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून उभे राहिले, डोलत्या डेकवर उभं राहावं तसे. ते नाचत नव्हते, फक्त तोल सांभाळत होते. पण शेजारच्या हिरव्या केसांच्या मुलीला तो नाच वाटला. तिने तसंच केलं, तिच्या मैत्रिणीने केलं, आणि दहा मिनिटांत वीसेक पोरं भावोजींभोवती पाय फाकवून लाटेवर डोलल्यासारखी डोलत होती. त्या मुलीने आपली चमकणारी पट्टी काढून भावोजींच्या मनगटात घातली. त्यांनी हात जोडून तिचे आभार मानले.

साडेबाराच्या सुमाराला वीज गेली. झोत विझले, आवाज मध्येच तुटला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी हसलं. माझं मनगट मात्र कुणीतरी इतकं घट्ट पकडलं की मी दचकलो. "काय झाला? कित्या बंद पडला?" भावोजी विचारत होते, आणि तो आवाज त्यांचा नव्हता. मी म्हटलं, लाइट गेली, येईल आता. ते ऐकायला थांबले नाहीत. मला ओढत ते मागच्या दाराने बाहेर पडले.

मागच्या अंगणात जनरेटर होता, आणि त्याच्यापुढे घामाघूम झालेला, पोट सुटलेला जनरेटरवाला वारंवार बटण दाबत होता. यंत्र घरघरायचं आणि विझायचं. भावोजींनी त्याला नुसतं खांद्याने बाजूला केलं. "डिझेलच्या लायनीत हवा धरली," ते म्हणाले आणि बाह्या सरसावल्या. एक बोल्ट त्यांनी सैल केला, हातपंप मारत राहिले, डिझेलचा फेस बाहेर आला, मग फेस थांबून नुसती धार आली, तेव्हा बोल्ट आवळला. पांढऱ्या शर्टाची छाती काळी झाली होती. "आता मार," ते म्हणाले. जनरेटर एक धक्का खाऊन सुरू झाला. आत दिवे लागले, ठोके सुरू झाले, आणि शेकडो पोरांनी आरोळी ठोकली. ती कुणासाठी, हे त्यांना माहीत नव्हतं.

भावोजी पुन्हा आत आले नाहीत. एका उपड्या क्रेटवर बसून त्यांनी जनरेटरच्या चौकटीला पाठ टेकली आणि बघता बघता त्यांना झोप लागली. जनरेटरवाल्याने आपलं जाकीट त्यांच्या अंगावर टाकलं. मी थोडा वेळ आत जाऊन उभा राहिलो. त्या हिरव्या केसांच्या मुलीने माझ्याकडे बघून, तुमचे ते कुठे, असा हाताने प्रश्न केला. मी, झोपले, अशी खूण केली. ती हसली आणि गर्दीत मिसळून गेली. एवढ्या माणसांत मला हाक मारील असं कुणी नव्हतं, आणि आक्का असती तर तिला ही सगळी हकीकत सांगायला मजा आली असती, असं तिथे उभ्या उभ्या वाटलं.

पहाटे पाचला वीज परत आली आणि जनरेटर थांबवला. त्याच क्षणी भावोजी ताडकन जागे झाले. आम्ही निघालो. पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा ते मागून म्हणाले, "मास्तरा, गाडी थांबय. बंद करू नको."

मी स्कूटर कडेला लावली. इंजिन चालूच ठेवलं. उजाडायला अजून अवकाश होता. ते कठड्याला टेकले. "तुजी भयण गेली त्या रात्री," ते म्हणाले, "ती बोलत होती. कोणाचो तरी साखरपुडो, कसले तरी कुळीद. माजा डोक्या दुखत होता. मी तिका म्हटलंय, जरा गप रव गो. असा कधी बोलूक नव्हतंय. ती गप रवली. मगे एक शब्द बोलूक नाय. सकाळी बगतंय तर..." त्यांनी खाडीकडे तोंड फिरवलं. "गप जावन गेली मरे ती. माज्यावर रागान."

मी तिचा भाऊ. आणि मग जे चार वर्षं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते तोंडातून आलं. "भावोजी, ती गप नव्हती. त्या रात्री तिचो माका फोन इल्लो. पाऊण तास बोलत होती."

"काय म्हणतंस?" स्कूटरच्या आवाजात त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. मी ओरडून पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, पुढे आले, आणि स्वतःच्या हाताने चावी फिरवून स्कूटर बंद केली. "आता सांग."

मी सांगितलं. तुम्ही झोपल्यावर ती मागच्या पडवीत बसली होती. म्हणाली, "तुज्या भावोजीन आज माका गप बसवल्यान. जल्म गेलो इंजिनात तेल घालण्यात, आणि आता घरात कॅप्टन झालेहत." आणि मग हसत सुटली. म्हणाली, उद्या मी त्यांच्याशी दहा वाजेपर्यंत बोलणार नाही, बघच. त्याच्यापुढे माझ्याच्यानेच होणार नाही.

भावोजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते हसत होते की रडत होते, मला अंधारात कळलं नाही, मी बघितलंही नाही.

"आनी?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

आणखी मला आठवत नव्हतं. त्या रात्री मी फोन टेबलावर ठेवून पेपर तपासत होतो आणि मधूनमधून नुसतं हूं म्हणत होतो. ती माझ्याशी शेवटची बोलत होती आणि मी नववीच्या भूगोलाला मार्क देत होतो. म्हणून तर मी तो फोन कुणाला सांगितला नव्हता. पण भावोजी वाट बघत उभे होते. मी म्हटलं, "मग म्हणाली, त्यांच्या तब्येतीची फार काळजी वाटते. थंडीत कानाला काही बांधत नाहीत."

"ह्या तिचा बोलणा नाय," भावोजी हळूच म्हणाले. "ह्या तुजा." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण तू बोल."

मग मी बोलत राहिलो. बनवून नाही, मला खरोखर ठाऊक होतं ते, तिच्याच तोंडून ऐकलेलं. ती परकर घालून चिंचेवर चढायची, शाळेत बडबडते म्हणून बाईंनी तिला एकदा अख्खा दिवस वर्गाबाहेर उभं केलं, तर तिने शिपायाला घरची सगळी माहिती सांगून टाकली, असलं काहीबाही. भावोजी कठड्याला टेकून ऐकत होते. उजाडलं, आणि किरणपाणीकडून पहिली एसटी पुलावर आली. आम्ही कडेला सरकलो, तेव्हा माझ्या सांगण्यात आक्का जेमतेम सातवीत पोचली होती.