ज्याचे कान, त्याचा निकाल

डॉ. विमल बिरादार मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजात, एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या मुलाखतीला. नांदेडहून सकाळच्या एसटीनं निघाले होते. लोह्याच्या पुढं गाडी बंद पडली, त्यामुळं पोहोचले ती धापा टाकतच. पोटात चहाशिवाय काही नाही आणि डोक्यात संशोधनाच्या घोकलेल्या व्याख्या. समोर तिघं बसलेले. दोघांनी पुस्तकातलं विचारलं, मी पुस्तकातलं सांगितलं. मॅडम माझा अर्ज वाचत होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "वडील काय करतात?"

"पत्र्याच्या पेट्या बनवतात, मॅडम. नांदेडला आमचं छोटं दुकान आहे."

"म्हणजे दिवसभर पत्रा ठोकायचा. बरं, घरी जेवताना ते मोठ्यानं बोलतात का?"

मला खरं तर रागच आला. एवढ्या लांबून आले, आणि या बाई माझ्या अब्बांच्या बोलण्याची चौकशी काय करतात! "आमच्याकडं सगळेच मोठ्यानं बोलतात," मी तोऱ्यातच म्हणाले.

मॅडम हसल्या. "सगळेच का बोलतात, हे तुला कधी शोधून बघावंसं वाटलं नाही?"

परतीच्या गाडीत मी नांदेड येईस्तोवर तेवढाच विचार करत बसले. अब्बांना कमी ऐकू येत असेल, म्हणून अम्मी ओरडत असेल, आणि अम्मी ओरडते म्हणून आम्ही सगळी भावंडं ओरडत असू, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी, नसरीन, तेव्हा रीतसर नर्स झालेली होते, हेही इथं सांगून टाकते. प्रवेश मात्र मिळाला.

यंदा मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या संशोधनाविषयी मी लिहावं, असं गौरवग्रंथ समितीनं कळवलं. शिवाय 'आटोपशीर' असा शब्दही आवर्जून घातला. मला ओळखणाऱ्या कुणीतरी तो सुचवला असणार. प्रयत्न करते.

मॅडम मूळच्या उदगीरच्या. घरात कानडी, दारात मराठी, बाजारात दखनी उर्दू, अशा तिन्ही भाषांत त्या सारख्याच सहज वावरतात. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून नोकरीची सुरुवात झाली. पुढं त्या शिकवायला लागल्या, आणि कामाच्या ठिकाणी माणसाच्या शरीराचं काय होतं हा त्यांचा अभ्यासाचा विषय झाला. कारखान्यातली नर्स म्हणजे मलमपट्टी करणारी बाई, एवढीच आपल्याकडं समजूत. मॅडम पहिल्याच तासाला म्हणायच्या, "पट्टी बांधणं आलंच. पण तो हात तिथं गेला कसा, ते कोण बघणार?"

आणि बघण्याचा त्यांना भारी सोस. निलंग्याला आमच्या एका मैत्रिणीच्या लग्नात मॅडम पंगतीच्या वेळी गायब झाल्या. सगळीकडं शोधलं. शेवटी मांडवामागं सापडल्या. बँडवाल्यांच्या घोळक्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्या ढोलवाल्याला विचारत होत्या, "ढोलाकडं कायम हाच कान असतो का? मग फोन कोणत्या कानाला लावता?" ढोलवाला विचारात पडला होता. त्यानं खिशातून मोबाईल काढला, आधी एका कानाला लावला, मग दुसऱ्या, आणि म्हणाला, "आईच्यान्, हाव की ओ मॅडम! ढोलाकडच्या कानाला लावतच न्हाई!" वऱ्हाडी जेवून उठले तरी या दोघांचं चाललेलंच होतं.

ज्या कामासाठी मॅडमना पुढं पीएच.डी. मिळाली, ते लातूरच्या एका डाळ मिलमधलं. मी त्यात मदतनीस होते. मिलमध्ये पाऊल टाकलं की तुरीच्या भुशानं नाक भरायचं आणि रोलरच्या आवाजानं डोकं. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. पहिला आठवडा मॅडमनी काहीच केलं नाही. एका पोत्यावर बसून नुसतं बघत राहिल्या. मला वाटलं, झालं, आमचं संशोधन पोत्यावरच संपणार. आठवड्याच्या शेवटी त्यांनी मला विचारलं, "मशीनवरचे मारोतीमामा दर थोड्या वेळानं मशीनला तळहात लावतात. का लावत असतील?"

"सवय असेल," मी म्हणाले.

"हं. असेलही." पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं, हे चेहऱ्यावरच दिसत होतं.

कान तपासायचं यंत्र आम्ही वजनकाट्याशेजारच्या खोलीत मांडलं. आठवडी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, कान विसावलेले असताना, मशीन सुरू व्हायच्या आधी, एकेकाला आत बोलवायचं. कानावर हेडफोन, मी बटण दाबणार, त्यांना बारीक आवाज येणार, आला की बोट वर करायचं. खोली एवढीशी की माझे आणि समोरच्याचे गुडघे एकमेकांना लागायचे. तपासणी झाली आणि निकाल बघून मी खूश! सगळ्यांचे कान नवे कोरे. मारोतीमामांचे तर माझ्यापेक्षा तल्लख.

मॅडमना मात्र ते पटेना. आधी त्यांना यंत्राचाच संशय आला. ते स्वतःच्या कानाला लावलं, माझ्या कानाला लावलं. यंत्र ठीक होतं. मग त्यांनी काय करावं? हेडफोनची वायर हळूच काढून ठेवली आणि मारोतीमामांना पुन्हा बसवलं. मी बटण दाबलं. मामांनी बोट वर केलं. परत दाबलं, परत बोट वर. आवाजाचा पत्ता नाही आणि मामा पहिल्या नंबरानं पास!

मॅडम रागावल्या नाहीत. उलट त्यांचे डोळे लकाकले. "मामा, खरं सांगा, कसं ओळखलंत?"

मामा आधी लाजले. मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "ह्या सिस्टर बटन दाबायच्या टायमाला भुवई वर करतेत."

मला हसावं की रडावं कळेना. अख्ख्या मिलनं माझ्या भुवया बघून परीक्षा दिली होती. पुढच्या सुट्टीनंतर मॅडमनी स्टूल भिंतीकडं फिरवून ठेवलं. त्या सकाळी मी बटण दाबत राहिले आणि कितीतरी वेळ समोरच्या पाठीला काही पत्ताच नसायचा. तेव्हा मात्र हसू आलं नाही.

निकाल सांगायची मॅडमची रीत ठरलेली: ज्याचे कान, त्याचा निकाल. एकेकाला बाजूला घेऊन त्या स्वतः सांगत. मारोतीमामांना त्यांनी मिलमागच्या कडुलिंबाखाली बसवलं आणि समोर बसून, सावकाश, ओठ दिसतील असं सांगितलं. मामांनी आधी आसपास कुणी नाही ना, ते बघून घेतलं.

"मॅडम, हे शेटला कळलं तर मला मशीनवरनं काढतेत. मशीनवाल्याला मशीनचा आवाज कळाया पाहिजे, असं त्येंचं म्हणणं हाय. मंग हमाली. आता पाठ कुठं ऱ्हायली कट्टे उचलायला? पोरगी बारावीला हाय."

"मी शेटजींना सांगणार नाही."

"घरीबी न्हाई. घरी कळलं की गावात कळंल."

"घरीही नाही. सांगायचं तर तुम्ही सांगा."

मशीनला तळहात का, ते मला तेव्हा उमगलं. कान जे सांगत नव्हते, ते मामा हातानं विचारून घेत होते.

त्याच सुमारास ईद आली. मॅडम शिरखुर्मा खायला नांदेडला आमच्या घरी आल्या, आणि पिशवीतून ते यंत्रही घेऊन आल्या. अब्बांना आतल्या खोलीत बसवलं, दार लावून घेतलं. मॅडम बाहेर आल्यावर अम्मीनं विचारलं, "क्या निकला, मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "वो तो भाईसाब बताएँगे." अम्मीला राग आला, मलाही आला. संध्याकाळी अब्बांनी आम्हा सगळ्यांना बोलावून स्वतःच सांगितलं, आणि कसली तरी लढाई जिंकून आल्यागत सांगितलं! मॅडमनी आधीच सांगून टाकलं असतं, तर अब्बा नुसते मान खाली घालून बसले असते. दुकानात कानाला लावायला मॅडमनी आणून दिलेले, आवाज अडवणारे कप अब्बा अजून वापरतात.

मग मिलच्या मालकांचं, शेटजींचं, बोलावणं आलं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. ऑफिसात चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, कोणाकोणाचं कमी झालंय, तेवढं सांगून टाका. मशीनवर बहिरा माणूस ठेवून उद्या काय झालं तर मी कोणाला तोंड दाखवू?"

"तुमच्या मिलचा आवाज किती आहे, ते लेखी देते. तो कमी कसा करायचा, तेही देते. कान त्यांचे आहेत, शेटजी. ते मी कसे देणार?"

"मंग उद्यापासून येऊ नका."

इतक्या महिन्यांचं काम, मॅडमची पीएच.डी., सगळं त्या टेबलावर. काचेच्या पलीकडं मारोतीमामा उभे होते. त्यांना ऐकू काही जात नव्हतं; ते आमची तोंडं वाचत होते. मी टेबलाखालून मॅडमच्या पायाला पाय लावला. त्यांनी तिकडं लक्षच दिलं नाही. त्या शांतपणे चहा पीत भिंतीकडं बघत होत्या. मला चांगलं ओळखीचं झालेलं ते कुतूहल आता त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"शेटजी, या खुर्चीवर कधीपासून बसता?"

"वडील गेल्यापासून."

"आणि या भिंतीपलीकडं रोलर."

"हाव. मंग?"

"तुमचे कान कोणी बघितलेत का?"

शेटजी मोठ्यानं हसले. "माझ्या कानाला काय धाड भरलीय?"

"बघू या की. यंत्र आहेच."

पुढच्या सुट्टीनंतरच्या सकाळी शेटजी त्या खोलीत, त्याच स्टुलावर, भिंतीकडं तोंड करून बसले. मी बटणापाशी जायला लागले, तर मॅडम म्हणाल्या, "नसरीन, तू बाहेर थांब." मिलमध्ये असं त्यांनी आधी कधीच केलं नव्हतं. दार बंद. मी आणि मारोतीमामा बाहेर उभे. माझे कान चांगले ठणठणीत, तरी दाराला लावून काही ऐकू येईना. मामा मला खुणेनं विचारत होते, काय चाललंय? मी खांदे उडवत होते.

दार उघडलं तेव्हा शेटजी म्हणत होते, "मॅडम, हे आपल्या दोघांतच ऱ्हाऊ द्या."

"शेटजी, मिलमधल्या सगळ्यांना मी हाच शब्द दिलाय," मॅडम म्हणाल्या.

शेटजी उंबऱ्यावरच थांबले. मारोतीमामांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "सिस्टर, चहा घेतला का न्हाई?"

त्यांनी पुन्हा कधी नावं विचारली नाहीत. पुढच्या तुरीच्या हंगामाआधी रोलरभोवती भिंत उभी राहिली, कानात घालायचे प्लग आले, माणसांच्या पाळ्या अशा बदलल्या की सलग कुणीच आवाजात राहू नये. मारोतीमामा मशीनवरच राहिले. सोडलं ते त्यांच्या मर्जीनं, मुलगी नोकरीला लागल्यावर. हे सगळं लिहू का, असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "लिव्हा की, नावानिशी लिव्हा." शेटजीही हा प्रसंग आता इतर मिलवाल्यांना अगदी रंगवून सांगतात. निकाल तेवढा गाळतात. त्यांचे कान कदाचित एकदम उत्तम असतील, मला काय माहीत! मी बाहेर उभी होते.

भिंत बांधून झाली त्या दिवशी मामांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "मी चिडून गप बसत न्हाई गं. मला ऐकू येत न्हाई." मामी आधी रडल्या आणि मग त्यांनी मामांना चांगलंच फैलावर घेतलं, "मंग इतकी वर्षं मी काय भिंतीशी बोलूलालते का?" हे मामींनीच मला सांगितलं, हसत हसत, पदरानं डोळे पुसत.

या लेखाच्या निमित्तानं गेल्या आठवड्यात मी मॅडमना फोन केला. पीएच.डी. झाली, मिलचा अभ्यास जुना झाला, त्यांचे विद्यार्थी नांदेड-लातुरात जागोजागी तेच काम करत आहेत. म्हटलं, आता कसली भीती? "मॅडम, आता तरी सांगा ना. शेटजींचं काय निघालं?"

मग मॅडम हळूच म्हणाल्या, "नसरीन, तुझं लग्न मोडलं त्या वर्षी तू माझ्यापाशी येऊन जे बोलली होतीस, ते मी आजवर कोणाला सांगितलं का?"

त्या वर्षी मी जगले ती त्या एका बाईला सगळं सांगता आलं म्हणून. आज माझं घर आहे, नोकरी आहे, चारचौघांत मान आहे, आणि मी तेव्हा मॅडमना काय सांगितलं ते यांतल्या कुणालाही ठाऊक नाही. डाळ मिलमधल्या त्या सगळ्या माणसांसारखीच मीही मॅडमच्या शब्दावर उभी आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मॅडम, तुमची प्रकृती निरोगी राहो, गुडघे साथ देवोत, तुमचं 'का' कधी संपू नये. खूप खूप वर्षं आमच्यात राहा. आणि मी कितीही हट्ट केला, तरी शेटजींचं मला कधीही सांगू नका.