मुक्ताचे लाल-पांढरे ठोकळे

आधी कांबळे मॅडमचं नाव घेते, मग माझी चूक सांगते. नांदेडला त्यांच्या केंद्रात मुलांची बुद्धिमापन चाचणी होते. मी नववीत शाळा सोडलेली. किल्लारीहून इथं आले, ओळखीचं कुणी नव्हतं, तरी त्यांनी कामावर घेतलं. काम एवढंच: मुलांना बसवायचं, टेस्टचं सामान मांडायचं, आवरायचं.

त्या दिवशी मॅडम आत फोनवर होत्या. बाहेर नऊ वर्षांची मुक्ता आईच्या पदरात तोंड घालून बसली होती. तिला दिव्यांगाच्या दाखल्यासाठी रिपोर्ट हवा होता. दाखल्याशिवाय खास मुलांच्या शाळेत प्रवेश नव्हता.

"कुठलं गाव, मावशी?"

"किल्लारीच्या पल्याड, बाई. झुंजुमुंजुलाच निघालो. पोरगी लई भेली हाय."

आमच्याकडचं बोलणं ऐकलं अन् मला राहवलं नाही. मी लाल-पांढरे ठोकळे काढले. चित्रात दिसते तशी नक्षी या ठोकळ्यांनी जुळवायची, अशी ती टेस्ट. मी चित्रंही दाखवली. "हे बघ, लाल बाजू वर. आता तू कर." चार-पाचदा करून घेतलं. मुक्ता हसली. मलाही बरं वाटलं.

टेस्ट झाली. मॅडम कागद बघत म्हणाल्या, "बाकी सगळ्यात अडखळली. ठोकळे मात्र फटाफट. असं कसं गं?"

मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आले.

आई खुशीत होती. "पोरीनं ठोकळे झ्याक लावले म्हणं! मंग आता दाखला मिळंल न्हवं?"

दाखला मिळतो तो कमी मार्कांवर. चांगले मार्क मिळवून देऊन मी तिचा दाखलाच अडवून ठेवला होता. नोकरी जाणार हे धरूनच आत गेले आणि सगळं सांगितलं.

मॅडमनी कागद बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "थर्मामीटर चहात बुडवून ताप मोजशील का?"

"न्हाई."

"तेच केलंस. ज्या मुलांशी आपण तिची तुलना करतो, त्यांनी ही चित्रं पहिल्यांदाच पाहिली होती. सराव केलेलं मूल त्यांच्या रांगेत बसत नाही."

"मग पुन्हा घ्या की, मॅडम."

"चित्रं तिच्या डोक्यातून पुसशील?"

त्यांनी ठोकळ्यांचे मार्क धरलेच नाहीत. मुक्ताला जेवू घातलं आणि दुपारी वेगळ्या सामानाची दुसरी टेस्ट घेतली. असं का केलं, तेही रिपोर्टात लिहिलं.

"माझं नाव टाका ना, मॅडम. चूक माझी हाय."

"खोली माझी, सही माझी," त्या म्हणाल्या आणि सही केली.

मुक्ताला दाखला मिळाला. आता ती शाळेत जाते. मॅडमनी माझ्यासाठी दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म आणला, बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा.

आता भेदरलेलं मूल आलं की मी पाणी देते, खिडकीतून जाणारे ऑटो मोजायला लावते. ठोकळ्यांना हात लावू देत नाही. टेस्टआधी केलेली मदत टेस्टलाच बाधते, एवढं मला कळलं.

मॅडम, कधीतरी माझीही सही रिपोर्टखाली येईल. त्या दिवशी माझ्या हाताखालची कुणी रडत चूक सांगायला आली, तर ती चूक मी माझ्या सहीखाली घेईन. तुमचं ऋण फेडायला मला एवढंच सुचतं.