बिननंबरी फटफटी

माझी फटफटी वाशीमला पहिल्यांदा गेली ती बैलगाडीत बसून. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो की त्यात माझा दोष नव्हता. नंबर नसलेली गाडी सडकेवर चालवायची नाही, आणि इन्स्पेक्टरने तपासल्याशिवाय नंबर मिळायचा नाही. इन्स्पेक्टर महिन्यातून एकदा अकोल्याहून वाशीमला येणार, आणि मी राहायला मालेगावला. मधलं अंतर फटफटीने कसं कापायचं याबद्दल कायद्यात काही लिहिलेलं असेलही, पण नाक्यावरच्या शिपायाला ते ठाऊक नव्हतं. त्याने मला दोन फर्लांगांवर अडवलं आणि गाडी ढकलत परत न्यायला लावली.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. मी मालेगावला ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक कपाट आणि एक चपराशी. चपराशी माझ्या वडिलांच्या वयाचा, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो. गावोगाव हिंडायला मला एक सायकल होती. तिच्यावर माझा विश्वास होता तो आदल्या पावसाळ्यापर्यंत.

त्या पावसाळ्यात मामांच्या गावात घटसर्प शिरला. सकाळी बैलाचा गळा सुजतो आणि दिवेलागणीला बैल नसतो, असा तो रोग. मामा रजेवर घरीच होते. त्यांनी माणूस धाडला, मी औषधाची पेटी घेऊन निघालो. गाव पाच कोस. दीड कोसावर सायकल पंक्चर झाली आणि उरलेली वाट मी तिला हाताने धरून चाललो. पोचायला साडेतीन तास लागले. मामांचा डावा बैल अर्ध्या तासापूर्वी गेला होता. मामांनी मला पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, आणि त्यानंतर कित्येक महिने त्या बैलाबद्दल एक अक्षर काढलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून मी लष्कराच्या लिलावातली ती जुनी फटफटी घेतली. यंदा पावसाच्या आत सगळ्या गावांतल्या ढोरांना लस टोचून संपवायची, हे मी मनाशी ठरवलं होतं. सायकलवर ते होणारं नव्हतं. म्हणजे मेच्या आत नंबर हवा होता.

फेब्रुवारीत मामांनी बैलगाडी जुंपली. एक बैल त्यांचा, उंचापुरा, आणि जोडीला भावाकडून मागून आणलेला बुटका. त्यामुळे गाडी सारखी एका अंगाला ओढायची. फटफटी दोरांनी आवळून उभी केली होती. वाटेत भेटेल तो माणूस आजारी कोण, असं विचारायचा. पहाटे निघून आम्ही दुपारी वाशीमला पोचलो. इन्स्पेक्टर किडकिडीत, पांढऱ्या शर्टाचा, काखेत फाईल. त्याने फटफटीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि हॉर्न कुठे आहे, असं विचारलं. हॉर्न नव्हता. मी म्हणालो, गाडीचा आवाजच कोसभर ऐकू येतो. तो म्हणाला, आवाज वेगळा, हॉर्न वेगळा. पुढच्या महिन्यात या.

मार्चमध्ये आम्ही रबरी भोंगा लावून गेलो. इन्स्पेक्टरने तो स्वतः तीनदा वाजवून पाहिला, खूशही झाला. मग त्याने इंजिनावरचा नंबर मागितला. नंबर सापडेना. लष्कराने इंजिनावर खाकी रंग असा थापला होता की खाली काय आहे ते लष्करालाच माहीत. मी चाकूने खरवडायला लागलो तर मला थांबवण्यात आलं. सरकारी नंबर चाकूने खरवडायचा नसतो. तो रंगाच्या तेलाने सावकाश पुसून आणायचा असतो, पुढच्या महिन्यात.

परतताना मी मामांजवळ इन्स्पेक्टरचा उद्धार केला तो मालेगाव येईस्तोवर. मामा बैलांच्या शेपट्या पिरगाळत ऐकून घेत होते. त्यांनी एवढंच विचारलं, की आता लस कधी सुरू करता.

एप्रिलमध्ये इंजिनाचा नंबर आरशासारखा चकाकत होता. इन्स्पेक्टरने तो कागदाशी ताडून पाहिला, भोंगा वाजवला, दिवा लावून विझवला. उरला फक्त ब्रेक. मैदानात लिंबाच्या झाडापाशी त्याने चुन्याची रेघ ओढली. जोरात यायचं आणि रेघेच्या आत थांबायचं. स्वतः तो रेघेच्या पलीकडे, अगदी मधोमध उभा राहिला. कायद्यावर माणसाची श्रद्धा असावी ती इतकी.

मी जोरात आलो. ब्रेक दाबला. काहीही झालं नाही. दुसरा दाबला, त्यानेही काही मनावर घेतलं नाही. रेघ गेली, इन्स्पेक्टर फाईल टाकून बाजूला उडाला, आणि मी बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात जाऊन थांबलो. भोंगा तेवढा आपोआप वाजला.

काटे काढता काढता मी चाकाकडे पाहिलं. चाकाच्या मधल्या डब्यातून, ब्रेक असतो तिथूनच, काळं, दाट तेल ठिबकत होतं. तो वास मी ओळखला. बैलगाडीच्या आसाला घालायचं वंगण. मामांच्या गाडीखाली त्याचा बांबूचा नळा टांगलेला असायचाच.

मी मामांकडे पाहिलं. ते जराही ओशाळले नव्हते.

"चाक कुरकुर करून राह्यलं होतं," ते म्हणाले. "कुरकुरती गाडी घेऊन सायबापुढं कसं जा? म्हनून वंगन टाकलं. दोनी चाकाले. चांगलं भरून टाकलं."

चाळीस वर्षं बैलगाडी हाकलेला माणूस. त्याच्या लेखी चाकाच्या पोटात जाईल तिथे वंगण जावं, यापलीकडे चाकाला काही नको होतं. हे मला आज कळतं. त्या वेळी मी सगळ्या मैदानासमोर त्यांच्यावर ओरडलो. तीन महिने फुकट घालवले, गाडी थांबवायची कशी ते तरी सांगा, असं बरंच काही बोललो. त्याची लाज मला अजून वाटते.

इन्स्पेक्टर फाईल झटकत आला आणि म्हणाला की मे महिन्यात वाशीमला कॅम्प नाही. आता एकदम जूनमध्ये. जून म्हणजे पाऊस, आणि पाऊस म्हणजे घटसर्प. मी हात जोडायच्या बेतात होतो, तेवढ्यात मामा पुढे झाले.

"सायेब, तुमी थांबाचं काय घेऊन बसले?" ते म्हणाले. "थांबते तर कोनतीबी गाडी. आमची तर सायकलबी थांबली होती. आमाले पोचाचं हाय."

इन्स्पेक्टरला काही समजलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला मागच्या पावसाळ्याची हकिकत थोडक्यात सांगितली. बैल मामांचा होता हेही सांगितलं. त्याने गाडीला जुंपून आणलेल्या त्या बेजोड जोडीकडे बराच वेळ पाहिलं.

"ब्रेकशिवाय मी पास करणार नाही," तो म्हणाला. "पण पाच वाजेपर्यंत मी इथंच आहे."

आम्ही जवळच्या सायकलच्या दुकानातून रॉकेल आणलं. भर उन्हात मी चाकं खोलली. मामांनी आपला दुपट्टा फाडला आणि एकेक भाग पुसून काढला. वंगण त्यांनी खरोखरच चांगलं भरून टाकलं होतं. पावणेपाचला चाकं चढली. इन्स्पेक्टर पुन्हा रेघेपलीकडे उभा राहिला, फक्त या वेळी लिंबाच्या बुंध्यामागे. मी रेघेच्या हातभर अलीकडे थांबलो. त्याने सही केली आणि मामांना रामराम घातला. मला घातला नाही.

दुसऱ्या दिवशी लसीची पहिली फेरी मी मामांच्या गावाला काढली. मामा मागे बसले, पेटी पोटाशी धरून. वाटभर त्यांनी तोंड उघडलं नाही. मला वाटलं घाबरलेत. गावात शिरलो, त्यांच्या गोठ्यासमोर गाडी उभी केली. ते उतरले, पेटी ओट्यावर ठेवली, आणि मला घड्याळ पाहायला सांगितलं. मग निघालो तेव्हा किती वाजले होते, ते विचारलं.

"म्हंजे अर्धा घंटाबी नाई," ते म्हणाले.

"नाही."

ते गोठ्याकडे पाहत राहिले.

"मंग वाचला असता तो."

घटसर्पाचं नक्की सांगता येत नाही, कधी औषध वेळेवर पडूनही बैल जातो, असं काहीबाही मला म्हणता आलं असतं. पुस्तकात तसं लिहिलेलंही आहे. पण त्यांनी दहा महिने थांबून हा एकच प्रश्न विचारला होता.

मी हो म्हणालो.