पानातले भाडेकरू आणि अण्णांची पेटी

वनमाला आमच्या एम.एस्सी.च्या, सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गातली सगळ्यात तोंडाळ मुलगी. अंधेरीच्या कॉलेजात आम्ही दोघींनी एकाच बाकावर दोन वर्षं काढली, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे. शहाऐंशी साली प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा बाकीच्यांनी दूध, नळाचं पाणी असले सोपे विषय पकडले. मी वडापावची चटणी घेतली. हिने घेतला अडुळसा. धडधाकट पानाच्या आतसुद्धा बुरशी राहते म्हणे, पानाला काडीचा त्रास न देता, भाडेकरूसारखी. ती बाहेर काढून वाढवायची.

"मुंबईतले भाडेकरू त्रास न देता राहतात होय गं?" मी विचारलं.

"तू चटणी वाट," ती म्हणाली.

काम किचकट होतं. पान आधी नळाखाली, मग स्पिरिटमध्ये, मग ब्लीचच्या पाण्यात आणि शेवटी निर्जंतुक पाण्यात धुवायचं. बाहेरचा एकही जंतू उरता कामा नये. मग त्याचे तुकडे बटाट्याच्या पाण्याची जेली ओतलेल्या काचेच्या डब्यांत ठेवायचे आणि दहा-बारा दिवस वाट पाहायची. शेवटच्या धुण्याचं पाणी एका वेगळ्या डबीत घालायचं. त्या डबीत काही उगवलं नाही, तरच बाकीच्या डब्यांतलं खरं.

हे सगळं बंद पेटीत करावं लागतं, आणि कॉलेजातली एकुलती पेटी पीएच.डी.वाल्यांनी अडवलेली. वनमालाने घरी कुरकुर केली. तिचे वडील दशरथ, म्हणजे अण्णा, मूळचे मालवणकडचे, साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर धातूचे भाग कातायचे. दोन रविवार खपून त्यांनी पेटी बनवली: ॲल्युमिनियमची चौकट, समोर काच, हात घालायला दोन भोकं. टेम्पोत घालून स्वतः आणून दिली. एकदम झकास काम! वनमाला डब्याही त्यातच ठेवू लागली.

मग आली खंडेनवमी. आम्ही कँटीनमध्ये चहा पीत होतो तेव्हा अण्णा वर्कशॉपमधली पूजा आटोपून, उरलेली झेंडूची फुलं घेऊन थेट लॅबमध्ये आले. त्यांनी पेटीला हार घातला. इथवर ठीक होतं. पण मग त्यांनी आतल्या प्रत्येक डबीचं झाकण काढून हळदकुंकू वाहिलं, वर एकेक पाकळी ठेवली. बंद दारासमोर कसली पूजा, असा त्यांचा हिशोब. धुण्याच्या पाण्याच्या डबीत तर दोन पाकळ्या, कारण ती बिचारी रिकामी दिसत होती.

आम्ही चहा पिऊन परतलो तेव्हा ते शेवटची पाकळी ठेवत होते. "अण्णा, माझी वाट लावलीत तुम्ही!" वनमाला ओरडली.

"गो, पयल्याच दसऱ्याक पूजा नाय केली तर मशीन रुसता," अण्णा म्हणाले.

"परत या लॅबमध्ये पाय ठेवू नका!"

अण्णा उरलेली फुलं उचलून निघून गेले. मला फार वाईट वाटलं, पण तिला काही बोलायची माझी छाती झाली नाही. तीन दिवसांत सगळ्या डब्या बाहेरच्या बुरशीने हिरव्यागार झाल्या. प्रोजेक्टचा अहवाल द्यायला अठरा दिवस उरले होते. आता उगवलं नाही तर वर्ष वाया. तिने पेटी धुतली, नवी पानं आणली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. घरी अण्णांशी अबोला. कॉलेजात माझ्याशीही जेमतेम.

अकराव्या दिवशी तिने मला बाकावरून ओढत नेलं. पानाच्या तुकड्यांच्या कापलेल्या कडांतून पांढरे धागे बाहेर आले होते. धुण्याच्या पाण्याची डबी स्वच्छ होती. मला वाटलं, आता ही प्रोजेक्टच्या बाईंना दाखवायला धावणार. तिने एका डबीला भोवती चिकटपट्टी लावली आणि आम्ही बस पकडून साकीनाक्याला गेलो.

अण्णांनी मशीन बंद केलं, चिंधीला हात पुसले आणि पाठीमागे बांधले.

"धरा ना," वनमाला म्हणाली.

"नको गो. माझो हात लागलो तर..."

"तुमची पेटी नसती तर हे मला जमलंच नसतं, अण्णा. चुकले मी. धरा."

त्यांनी डबी दोन्ही हातांत घेतली. केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा माणूस, पण डबी अंड्यासारखी जपून धरली होती, तेव्हा वनमालाने खालून आपले हात लावले. अण्णांनी डबी उजेडाकडे वळवून काचेतून पाहिलं.

"जगला गो," ते म्हणाले, आणि आमची तोंडाळ वनमाला वर्कशॉपभर ऐकू जाईल अशी रडली.