चेस्टनट उपासाला चालतं का

आमच्या हॅमिल्टनच्या घरामागे चेस्टनटचं झाड आहे आणि मला ते पहिल्या दिवसापासून आवडलेलं नाही. घर घेताना एजंटने ते खिडकीतून कौतुकाने दाखवलं होतं. बोंडांबद्दल त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. मार्च संपत आला, इथली पानगळ लागली, की हिरवी, साळिंदरासारखी काटेरी बोंडं गवतात पडायला लागतात आणि त्यांचे काटे जँडल्सच्या, म्हणजे इथल्या रबरी चपलांच्या, तळव्यातून थेट पायात घुसतात. लॉन कापायचं तर आधी ती सगळी वेचायची. नवरा पहाटे निघून ऑकलंडला, पेनरोजच्या डेपोत जातो तो दिवेलागणीला परत येतो. मी साडेसातला ‘ते रापा’ भागातल्या दूध कारखान्यात हजर असते. वेचणार कोण? दर वर्षी मी म्हणायचे, हे झाड तोडून टाकू या, आणि दर वर्षी ते राहून जायचं.

त्या वर्षी आई आली होती. बाबा गेल्यावर सात-आठ महिने ती पुण्यात एकटी होती. मग आम्हीच हट्टाने तिकीट काढून तिला बोलावून घेतलं. आली, आणि तिने उपास धरले.

पुण्यात तिचा एक शनिवार असायचा आणि चतुर्थी, बस. इथे सोमवार सुरू झाला, मग गुरुवार, मग शुक्रवार, आणि मधला मंगळवार कुठल्या देवाच्या नावाने धरला ते मी विचारलंही नाही. बुधवारी उपास नसायचा, पण बुधवारी तिला हटकून भूक नसायची. संध्याकाळी आम्ही घरी आलो की ती आमच्याबरोबर व्यवस्थित जेवायची. दिवसभर मात्र दोन खजूर आणि चहा. रिकाम्या पोटी रक्तदाबाची गोळी घेऊन तिला दोनदा चक्कर आली. दुसऱ्यांदा ती बाथरूमच्या दारात बसलेली माझ्या मुलीला शाळेतून आल्यावर दिसली. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, पाच किलो उतरलं होतं. दुपारचं जेवण चुकवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मी मराठीत सांगितलं. आईने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार धरला.

मी साबुदाण्याची खिचडी करून ठेवून बघितली. राजगिऱ्याचे लाडू आणून बघितले. संध्याकाळी सगळं जसंच्या तसं. "दाताला चिकटतं," ती म्हणायची, नाहीतर, "उपास म्हणजे काय चरायचं असतं का?" दिवसभर मशिनशी डोकं लावून घरी यावं आणि झाकलेली खिचडी बघावी, याने माझं मस्तक फिरायचं.

तेवढ्यात चेस्टनट मदतीला आलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी एका रविवारी कुंपणावरून विचारलं की ही सगळी तुम्ही कुजवणार आहात का. मी म्हटलं, हवी तर सगळी घेऊन जा. त्या गमबूट घालून आल्या, बोंड बुटाने दाबून फोडलं आणि आतली तपकिरी, टोकदार शेंडीची फळं काढून आईच्या ओंजळीत ठेवली. त्या म्हणाल्या, गावात रस्त्याकडेला उभं असतं ते घोडा चेस्टनट, ते विषारी, त्याचं पान हाताच्या पंजासारखं. तुमचं हे गोड चेस्टनट, याचं पान लांब, करवतीच्या दातांचं. गोळा केली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बुरशी धरते. आणि सालीला चीर दिल्याशिवाय शिजवू नका, फुटतात. एवढं सांगून त्या आपली बादली भरून गेल्या.

आईने उकडली, गरम असतानाच आतली तुरट साल काढली आणि एक तोंडात टाकलं.

"रताळ्यासारखं लागतंय," ती म्हणाली.

माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. रताळं उपासाला चालतं. आणि हे तर फुकट, मागच्या दारी पडलेलं, पोट भरणारं.

"मग उद्या दुपारी हे खा," मी म्हटलं.

"नाव काय त्याचं?"

"चेस्टनट."

"ते झालं. आपल्यात काय म्हणतात?"

आपल्यात काही म्हणत नाहीत. मी फोनवर शोध शोध शोधलं. शास्त्रीय नाव कास्टानिया. मूळचं दक्षिण युरोपातलं आणि तुर्कस्तानच्या बाजूचं, इकडे गोऱ्यांनी बोटीतून आणून लावलं. हिमालयात पांगर म्हणून एक झाड निघालं, पण ते नेमकं विषारी जातीचं. मराठीत काहीच नाही.

"नावच नाही, तर चालतं की नाही कसं कळणार?" आई म्हणाली.

मुलगी टेबलापाशी होमवर्क करत होती. "आजी, इट्स जस्ट अ नट," ती मान वर न करता म्हणाली. "दाणे खातेस ना? सेम थिंग."

आईला हे पटलं नाही. आमच्या घरात काय चालतं आणि काय नाही हे बाबा ठरवायचे. बाबांनंतर तो मान पुण्याच्या आत्याकडे गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, तिकडे सकाळचा चहा होण्याची वाट बघून, आईने आत्याला फोन लावला आणि मला संध्याकाळी निकाल सांगितला. आत्याने एकच प्रश्न विचारला होता, झाडाला लागतं का? झाडाला लागतं म्हणजे फळ. फळ चालतं.

पुढचा आठवडा फार सुखाचा गेला. आई सकाळी माझे गमबूट घालून, स्वयंपाकघरातला चिमटा घेऊन मागच्या दारी जायची. दुपारी उकडलेली चेस्टनट तुपात जिऱ्यावर परतून, मिरची-मीठ घालून वाटीभर खायची. चक्कर थांबली. गाल जरा भरल्यासारखे वाटले. झाड तोडायचं मी मनातून काढून टाकलं. इतकंच नाही, मला त्या झाडाचा अभिमान वाटायला लागला, आणि तिथेच माझं चुकलं.

शुक्रवारी मी लवकर घरी आले होते. आई ओट्यापाशी उभी राहून वाटीतलं खात होती. मी कौतुकाने तिला झाडाची माहिती वाचून दाखवायला बसले. याचं लाकूड कुजत नाही, कुंपणाचे खांब करतात, दारूची पिंपं करतात. डोंगराळ भागात गहू पिकत नाही, तिथे लोक शेकडो वर्षं हेच वाळवून दळत आले, याच्या पिठाची भाकरी करत आले. काही ठिकाणी याला भाकरीचं झाडच म्हणतात.

आईने वाटी ओट्यावर ठेवली.

"दळतात?"

"हो, आणि..."

"गव्हाच्या ऐवजी?"

मला तेव्हाही कळलं नाही. मी हो म्हटलं.

"मग हे धान्यच की," आई म्हणाली. "आठवडाभर मी धान्य खाल्लं."

मी काय काय सांगितलं. झाडाला लागलेलं धान्य होत नाही म्हटलं. भगर तर उघड उघड धान्य आहे, ती कशी चालते म्हटलं. शिंगाड्याचं पीठ असतं, राजगिऱ्याचं पीठ असतं. बटाटा काय ऋषिमुनींनी लावला होता का? आई सगळं ऐकून घेत होती आणि वाटी झाकत होती. आत्याला विचार म्हटलं, तर म्हणाली, आत्याला भाकरीचं कुठे माहीत होतं.

आपल्याच हाताने मी सगळं घालवून बसले होते. मला इतका राग आला की मी नको ते बोलले. "तुझे हे उपास नाहीतच. देवाला कशाला मध्ये घेतेस? तुला जेवायचं नाहीये, एवढंच. शनिवार-रविवारी बरी भूक लागते तुला. जन्मभराचा शनिवार इथे येऊन सोडलास आणि बाकीचे सगळे वार धरलेस."

बोलता बोलता माझंच मला ऐकू आलं. शनिवारचा उपास तिने कधीच चुकवला नव्हता, बाळंतपणातसुद्धा नाही.

आईने झाकलेली वाटी फ्रिजमध्ये ठेवली. मग म्हणाली, "शनिवारी तुम्ही घरी असता."

मी हातातला फोन खाली ठेवला.

"एकटीचं ताट वाढून घ्यायला नको वाटतं," ती म्हणाली. "सेहेचाळीस वर्षांच्या संसारात कधी घेतलं नाही, आणि नंतर तिकडे दुपारी आत्या यायची जेवायला. उपास म्हटला की ताटाचा प्रश्न येत नाही."

वाटी म्हणूनच चालली होती. उभ्याने, ओट्यापाशी, ताट न घेता. आत्या आणि भगर आणि धान्य यांच्याशी मी भांडू शकत होते. याच्याशी काय भांडणार? मला जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, जाऊन-येऊन त्यातच संपते. नवरा तर दुसऱ्या शहरात. तिला आम्ही एकटी राहू नये म्हणून आणलं होतं आणि सकाळी सगळे निघून गेल्यापासून साडेतीनला मुलगी शाळेतून येईपर्यंत एका परक्या घरात एकटीला बसवून ठेवलं होतं. वर खिचडी का संपली नाही म्हणून चिडत होते. माझी चीड काही गेली नाही, फक्त आता ती कुणावर काढायची ते कळेना.

सोमवारी मी सुपरवायझरला विचारलं. आठवड्यातून एक दिवस दुपारी तासभर जास्त सोडता येईल, तेवढा वेळ संध्याकाळी भरून द्यायचा, असं ठरलं. वार त्याने दिला, गुरुवार.

त्या गुरुवारी मी न सांगता सव्वाबाराला घरी आले. आई खुर्चीवर बसली होती, समोर चहाचा रिकामा कप. तिचा गुरुवार होता, तरी मला बघून ती उठली. तिने कुकर लावला. फ्रिजमधली उरलेली चेस्टनट काढली, कांदा चिरला आणि गोडा मसाला घालून त्यांची उसळ केली.

"धान्य आहे ना, मग जेवणात चालेल," ती म्हणाली.

दोन ताटं वाढली. ती दोनदा भात घेऊन जेवली. उसळ चांगली झाली होती, जरा गोडसर, आणि मी तसं सांगितलं. मग घड्याळाकडे बघत हात धुतले.

"रोज येणार आहेस?" तिने विचारलं.

"रोज नाही जमणार. गुरुवारीच फक्त."

तिने जरा विचार केला.

"मग गुरुवारचा बंद करते," ती म्हणाली. "बाकीचे असू देत."